हायड्रॉलिक, न्यूमॅटिक : दाब नक्की देतं कोण?

नवी_जबाबदारी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं मी मोटर, पॅनल आणि पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) यातच रमले होते. दोन महिन्यांपूर्वी प्रेसच्या देखभालीचं कामही माझ्याकडे आलं आणि आता तेलाने हात बरबटून घेतेय.

प्रकार असा. एक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी) प्रेस आहे, सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) २०० मिमी. रिकामा रॅम (दाबणारा दांडा) व्यवस्थित खाली येतो, तेव्हा गेज (दाबमापक) १२ बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) आसपास असतो. जॉबला (दाबायच्या तुकड्याला) टेकला की काटा १८० पर्यंत चढायला हवा, पण तो ६० ला अडकतो आणि जॉब दबतच नाही. मी म्हटलं, पंप प्रेशर देत नाहीये, पंप बदलू. त्यावर आमचे फिटर हसले आणि म्हणाले, "मॅडम, पंप कधीच प्रेशर देत नसतो." एवढं बोलून चहा... नाही, पाना घ्यायला निघून गेले, ते परतलेच नाहीत.

तर प्रश्न एक : पंप प्रेशर देत नाही तर देतं कोण?
प्रश्न दोन : त्याच मशीनवर जॉब ढकलायला १०० मिमीचं हवेचं (न्यूमॅटिक) सिलिंडर आहे. कॉम्प्रेसर तर सगळीकडे असतोच. मग प्रेसही हवेवर का चालवत नाहीत?
प्रश्न तीन : हे हवेचं सिलिंडर हळू चालवायला गेलं की बेडकासारखं उड्या मारत जातं. का?

पुस्तकी व्याख्या वाचून झाल्यात. मशीनसमोर उभं राहून समजेल असं सांगा.

---

जुना_फिटर

तुमचे फिटर बरोबर बोलले, फक्त अर्धंच बोलले.

तुम्ही इलेक्ट्रिकलच्या, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. प्रेसवरचा गिअर पंप म्हणजे कॉन्स्टंट करंट सोर्स. दर फेऱ्याला ठरलेलं तेल पुढे ढकलणार, बास. समजा मिनिटाला ६० लिटर. समोर रस्ता मोकळा असेल तर ते तेल निवांत जातं आणि गेज पाइपातल्या घर्षणापुरताच दाखवतो, तेच तुमचे १२ बार. जॉब आडवा आला की तेलाला जागा उरत नाही, पंप मात्र ढकलतच राहतो, म्हणून दाब चढतो. लोड जेवढा तेवढा दाब. करंट सोर्सला रेझिस्टन्स लावला की व्होल्टेज उभं राहतं ना, तसंच.

आणि लोड वाढतच गेला तर? दाब पाइप फुटेपर्यंत किंवा मोटर ट्रिप होईपर्यंत चढेल. म्हणून पंपाच्या तोंडाशी रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तो तुमचा झेनर डायोड, ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा. १८० ला सेट केला की त्यावरचं तेल थेट टाकीत सोडतो. ही गणितं पाठच करा :

जोर = दाब × क्षेत्रफळ. २०० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी. १ बार म्हणजे दर चौरस सेंमीवर साधारण १.०२ किलो. १८० बारला जवळपास ५७ टन.

वेग = प्रवाह ÷ क्षेत्रफळ. ६० लिटर मिनिटाला, म्हणजे सेकंदाला १००० घनसेंमी. रॅम सेकंदाला जेमतेम ३.२ सेंमी सरकेल. जोर वाढवायला बोअर वाढवला की वेग गेलाच, त्यात फुकट काही नाही.

पॉवर (किलोवॅट) = बार × लिटर प्रति मिनिट ÷ ६००. इथे १८ किलोवॅट. रॅम अडून बसला आणि सगळं तेल रिलीफमधून चाललं तर हे १८ च्या १८ किलोवॅट टाकीतलं तेल तापवायला जातात. टाकीत गीझर बसवल्यासारखंच आहे ते.

आता तुमचे ६० बार. म्हणजे १८० होण्याआधीच तेल कुठून तरी पळतंय. पळवाटा चार : रिलीफ व्हॉल्व्ह, डायरेक्शनल (तेलाची दिशा बदलणाऱ्या) व्हॉल्व्हचा झिजलेला स्पूल (आत सरकणारा दांडा), सिलिंडरच्या पिस्टनचं सील आणि झिजलेला पंप. पंप सगळ्यात महाग, म्हणून लोक नेमका तोच आधी बदलतात.

आधी रॅमखाली ठोकळा लावा, मोटर बंद करा, दाब शून्यावर आणा. मग रिलीफच्या पुढची लाइन प्लग करून मोटर क्षणभर चालवा. गेज १८० दाखवत असेल तर पंप आणि रिलीफ निर्दोष, पुढे शोधा. तरीही ६० च असेल तर या दोघांपैकी एक. पण प्लग रिलीफच्या पुढेच लावायचा. पंप आणि रिलीफच्या मध्ये लावलात तर गिअर पंपाला तेल सोडायला जागाच राहणार नाही, मग जे कमजोर असेल ते फुटेल.

---

शंकेखोर

फिटरकाका, एक शंका. दाब लोडमुळे येतो हे पटलं. पण अ‍ॅक्युम्युलेटर (दाब साठवणारं भांडं) लावलेल्या सिस्टिममध्ये पंप बंद असतानाही दाब असतो की. तिथे लोड कुठे आहे?

---

जुना_फिटर

तिथे लोड म्हणजे आतला नायट्रोजन. पंपाने तेल कोंबून फुगा आधी दाबून ठेवलेला असतो, तो तेलाला परत ढकलत राहतो. ताईंच्या भाषेत कॅपॅसिटर. आणि कॅपॅसिटरसारखाच मेन स्विच पाडल्यावरही चावतो. काम करण्याआधी तो टाकीत रिकामा करायचा आणि गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघायचा. त्यात फक्त नायट्रोजनच भरायचा. ऑक्सिजन तर चुकूनही नाही, दाबाखाली तेल आणि ऑक्सिजन भेटले की स्फोट होतो.

---

इतिहासवेडा

अवांतर वाटेल, पण प्रश्न एकचं उत्तर समजायला जुनी गोष्ट उपयोगी पडते.

बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात मांडलं. तरीही जोसेफ ब्रामाच्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट यायला १७९५ उजाडलं. तत्त्व तर सोपं होतं, मग मधली शे-दीडशे वर्षं गेली कुठे? माझ्या मते मोठी अडचण सीलची. पिस्टनच्या कडेने पाणी निसटलं की दाब उभाच राहत नाही. तोडगा निघाला तो चामड्याच्या वाटीसारख्या सीलचा, त्याचं श्रेय ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लीला देतात. दाब वाढला की वाटीची कड आणखी फाकते आणि भिंतीला घट्ट बसते. म्हणजे गळती करणाराच गळती बंद करतो. आजच्या सील किटमधली यू-कप सील उघडून बघा, तीच कल्पना, फक्त चामड्याच्या जागी पॉलियुरेथेन.

नंतर विल्यम आर्मस्ट्राँगने गोद्यांमधल्या क्रेन पाण्याच्या दाबावर चालवल्या. दाब मिळवायला ग्रिम्सबीच्या गोदीत १८५२ मध्ये सुमारे ९४ मीटर उंच मनोरा बांधला, वर पाण्याची टाकी. मग त्याच्या लक्षात आलं की उंचीची गरजच नाही. उभ्या सिलिंडरवर दगड-लोखंडाचं प्रचंड वजन ठेवलं आणि खालून पाणी भरून ते उचललं की दाब साठवता येतो. हाच पहिला अ‍ॅक्युम्युलेटर, दाब लोडमुळे येतो याचा याहून ढळढळीत पुरावा काय हवा? लंडनमध्ये तर १८८३ पासून रस्त्यांखालच्या पाइपांतून दाबाचं पाणी विकणारी कंपनी होती, ती १९७७ पर्यंत चालली. वीज विकतात तसा दाब विकायचे! तिथला टॉवर ब्रिज १८९४ मध्ये सुरू झाला तो वाफेच्या पंपांवर आणि पाण्याच्या अ‍ॅक्युम्युलेटरवर. १९७६ मध्ये वीज आणि तेल आलं.

---

शंकेखोर

मग पाणी सोडून तेल का? पाणी फुकट, पेटतही नाही.

---

इतिहासवेडा

पाणी गोठतं, गंज चढवतं आणि वंगण म्हणून कुचकामी. पंपातले भाग काही मायक्रॉनच्या फटीने एकमेकांवर घासतात, तिथे तेलाचा पातळ थर हवाच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेल आलं आणि त्यानंतरच आजच्यासारखे उच्च दाबाचे आटोपशीर पंप शक्य झाले.

---

फुसफुस

प्रश्न दोन आणि तीन माझ्या प्रांतातले. आयुष्य हवेच्या लाइनी पुसण्यात गेलंय.

१०० मिमीच्या सिलिंडरला ६ बार हवा दिली की जोर सुमारे ४८० किलो. जॉब ढकलायला रगड. पण त्या ६ बारवर ५७ टन काढायचे तर सिलिंडरचा बोअर १.१ मीटर करावा लागेल! मग हवेचा दाबच वाढवून १८० बार का करू नये? कारण हवा दबते. तेल १०० बारला टक्काभरसुद्धा दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. पाइप फुटला तर दाब तत्काळ पडतो (तेल अंगावर येतं, ते वेगळं). हवा म्हणजे आवळलेली स्प्रिंग. तेवढ्याच दाबाची हवेची टाकी फुटली तर बॉम्ब. म्हणूनच नवीन प्रेशर व्हेसलची चाचणी पाणी भरून घेतात, हवा भरून नाही.

प्रश्न तीनचं उत्तरही याच स्प्रिंगमध्ये आहे. सील भिंतीला चिकटलेली असते. स्थिर घर्षण जास्त, चालताना कमी. हळू चालवायला हवा थेंब थेंब सोडली की आतला दाब हळूहळू चढतो, सील सुटते, दबलेली हवा एकदम पसरते, पिस्टन उडी मारतो, दाब पडतो, पुन्हा चिकटतो. तोच तुमचा बेडूक. ताई, फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह कुठे लावलाय ते बघा. येणारी हवा चोंदली असेल तर उड्या ठरलेल्या. व्हॉल्व्ह उलटा बसवून बाहेर जाणारी हवा चोंदा. पिस्टनच्या दोन्ही बाजूंना हवेची गादी राहील आणि चाल सुधारेल. तरीही मिनिटाला दोन-चार सेंमी असा कासवाचा वेग हवा असेल तर हवेचा नाद सोडा.

मग हवा वापरायचीच कशाला? एकच नळी पुरते, परतीची लाइन नाही, वापरलेली हवा वातावरणात. गळली तर घाण नाही. लोड अडला तर सिलिंडर तासन्‌तास तसंच ढकलत उभं राहतं, काही तापत नाही. आगीचा धोका असलेल्या जागी चालतं. आणि वेग! हलकं काम, दोनच टोकांची स्थिती, हजारो वेळा : तिथे हवेला तोड नाही.

पण हवा फुकट आहे हा गैरसमज मला चीड आणतो. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो, सिलिंडरच्या टोकाला काम म्हणून दहा-पंधरा टक्केच हाती लागतात. ७ बारच्या लाइनला ३ मिमीचं एकच भोक असेल तर कॉम्प्रेसरचे तीनेक किलोवॅट निव्वळ त्या फुसफुशीत जातात, दिवसरात्र. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून शॉपमध्ये एक फेरी मारा, कानांनीच गळत्या सापडतील.

आणि पाणी! हवा ७ बारला दाबली की तिचं आकारमान आठवा हिस्सा होतं, पण बाष्प तेवढंच राहतं. थंड झाली की ते पाइपात उतरतं. एफआरएलचा (हवेच्या लाइनीतल्या फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरचा) बाउल भरलेला दिसला की समजा ड्रायर किंवा ड्रेन झोपलाय. ते पाणी व्हॉल्व्हमधलं ग्रीस धुतं आणि मग लोक सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विजेच्या कॉइलला) शिव्या देतात.

---

नवी_जबाबदारी

फुसफुसदादा, आत्ता जाऊन पाहिलं. फ्लो कंट्रोलवरचा बाण खरंच उलट्या दिशेला आहे. बाण वाचायचा असतो हेच कोणी सांगितलं नव्हतं. करंट सोर्स आणि झेनर तर आता जन्मात विसरणार नाही.

---

ब्रेकमारे

हवा आणि तेलातला फरक बघायचा तर ब्रेक बघा. कारमध्ये तेल, ट्रक आणि रेल्वेत हवा. असं का?

कारचं पेडल दाबलं की पॅडवर तत्काळ आणि मोजका जोर यायला हवा, आणि सिस्टिम छोटी, बंद. तेल उत्तम. ट्रकला ट्रेलर जोडायचा-सोडायचा असतो. तेलाची लाइन सतत जोडली-सोडली तर तेल सांडणार आणि आत हवा शिरणार. आत हवा शिरली की काय होतं ते ज्याने पेडल स्पंजासारखं दबलेलं अनुभवलंय त्याला विचारा. हवेच्या लाइनीत हवाच शिरते, बिघडलं काय?

खरी गंमत रेल्वेची. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९ च्या पहिल्या ब्रेकमध्ये हवा सोडली की ब्रेक लागायचे. गाडी मधूनच तुटली की मागचे डबे ब्रेकविना. १८७२ मध्ये त्याने डोकंच उलटं चालवलं. प्रत्येक डब्याला आपली टाकी आणि एक ट्रिपल व्हॉल्व्ह. गाडीभर धावणाऱ्या ब्रेक पाइपात दाब *असेल* तर ब्रेक सुटलेले, दाब *पडला* की डब्याची टाकी ब्रेक लावते. कपलिंग तुटलं, होज फाटला, साखळी ओढली, सगळ्यांचा परिणाम एकच : थांब. आजही ब्रेक पाइप ५ बारच्या आसपास ठेवतात आणि दीडेक बार उतरवला की पूर्ण ब्रेक. ट्रकच्या पार्किंग ब्रेकचंही तेच. ब्रेक स्प्रिंग लावते, हवा फक्त तो सोडवते. म्हणून सकाळी टाकी भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

---

सर्वो_समर्थक

हे सगळं छान, पण भूतकाळ आहे. सर्वो मोटर आणि बॉल स्क्रू (गोळ्यांवर फिरणारा आटे असलेला दांडा) लावा, ना तेल ना गळती, जागेची अचूकताही मिळते. प्रेस ब्रेकही (पत्रा वाकवायची मशीन) आता इलेक्ट्रिक येतात.

---

जुना_फिटर

छोट्या टनेजला मान्य, तिथे मीही इलेक्ट्रिकच घेईन. पण एक्स्कव्हेटरच्या बूमला ३५० बारवर जो जोर मनगटाएवढ्या रॉडमधून मिळतो, तो खडकाचा धक्का खात, चिखलात, बॉल स्क्रूकडून मिळवून दाखवा. धक्का आला की रिलीफ उघडतो, तेल निसटतं, मशीन शाबूत. स्क्रूला असा धक्का बसला की गोळ्यांचे खड्डे पडतात.

विमानंच घ्या. बोइंग ७८७ मध्ये ब्रेक इलेक्ट्रिक केले, बरोबर. पण त्याच विमानातल्या हायड्रॉलिकचा दाब ३००० वरून ५००० पीएसआयला (दाबाचंच दुसरं एकक) नेला, कारण दाब वाढवला की सिलिंडर आणि पाइप बारीक होतात, वजन वाचतं. दोन्ही गोष्टी एकाच विमानात आहेत. 'भूतकाळ' म्हणायची घाई नको.

---

शंकेखोर

विमानावरून आठवलं. १९ जुलै १९८९ ला एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाचा फॅन फुटला आणि तिन्ही स्वतंत्र हायड्रॉलिक सिस्टिमचं तेल गेलं. तीन सिस्टिम, पण शेपटीत तिन्हींचे पाइप जवळजवळ. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमीजास्त करत विमान अमेरिकेतल्या सू सिटीला उतरवलं, २९६ पैकी १८४ जण वाचले. तीन पंप लावले म्हणजे तीन सिस्टिम झाल्या असं नाही, पाइप कुठून नेलेत तेही बघावं लागतं.

---

पट्टीबांधलेला

वाचनमात्र असतो, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. होजला सुईच्या टोकाएवढी गळती असेल तर हाताने चाचपडू नका. उच्च दाबाची तेलाची धार ग्लोव्हज आणि कातडीही भेदून आत जाते. दिसायला फक्त मुंगी चावल्यासारखा ठिपका, सुरुवातीला फार दुखतही नाही. माणूस पट्टी लावून पुन्हा कामाला लागतो आणि आत तेल पसरत राहतं. माझ्यासमोर एकाचं असंच बोट गेलं, कारण तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेला. ही तातडीने शस्त्रक्रिया करायची बाब आहे, तासांत. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा आणि लांब उभे राहा.

---

नवी_जबाबदारी

दोन दिवसांनी येतेय, अहवाल देते.

फिटरकाकांच्या पद्धतीने केलं. रॅमखाली ठोकळे, लाइन प्लग, मोटर चालू. गेज ६० च. म्हणजे पंप किंवा रिलीफ. रिलीफच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला बाहेरून हात लावला (गळती नव्हती, पट्टीबांधलेला यांची पोस्ट वाचूनच गेले होते), चांगलाच तापलेला आणि आत सळसळ ऐकू येत होती. पंप सोडून रिलीफ उघडला. पायलटच्या (मुख्य व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते ठरवणाऱ्या आतल्या छोट्या व्हॉल्व्हच्या) पॉपेटच्या, म्हणजे झाकणाच्या, बसकेवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा, नखाच्या कोरीएवढा तुकडा अडकला होता. त्यामुळे पायलट नीट मिटतच नव्हता आणि मेन स्पूल ६० लाच उघडत होता. तुकडा काढला, व्हॉल्व्ह धुतला, जोडला. काटा १८० वर. नव्या पंपाची मागणी परत घेतली.

पंधरा दिवसांपूर्वी पंपाच्या आउटलेटचं निपल बदललं होतं म्हणे, तेव्हा कुणीतरी टेप गुंडाळली असणार.

---

जुना_फिटर

शाब्बास. हायड्रॉलिकच्या जॉइंटला टेप कधीच नाही, ओ-रिंग किंवा बाँडेड सील. पण थांबा. एक तुकडा सापडला म्हणजे बाकीची टेप कुठेतरी आहेच. रिटर्न फिल्टर आणि टाकीतला सक्शन स्ट्रेनर काढून बघितला का? स्ट्रेनर चोंदला की पंपाला तेल पुरत नाही, आतमध्ये बुडबुडे फुटतात आणि गिट्टी दळल्यासारखा आवाज येतो. तेव्हा खरंच नवा पंप लागेल.

---

नवी_जबाबदारी

आत्ताच काढला. रिटर्न फिल्टरचं एलिमेंट जागेवर नव्हतंच, रिकामा डबा होता. स्ट्रेनरवर टेपचे तीन तुकडे आणि एक वॉशर.

---

जुना_फिटर

वॉशर कुठलं ते शोधल्याशिवाय मोटर चालू करू नका.